उन्हाळ्यात न खेळणारा संघ

क्रिनेवोत मे महिन्यात जन्माला येणं शहाणपणाचं नव्हतं.

गावातले पुरुष माळी होते. मार्च लागला की बियाण्यांच्या पिशव्या खांद्यावर टाकून ते टोळ्याटोळ्यांनी डॅन्यूब ओलांडत, रुमानियातल्या शहरांच्या कडेला भाड्याच्या जमिनीत मिरची, कोबी, टोमॅटो पिकवत आणि नोव्हेंबरात संत दिमितरच्या सणाला घरी परतत. मग चार महिने गाव भरलेलं असे. चुली धडधडत, डुकरं कापली जात, लग्नं लागत. आणि पोरं जन्माला येत ती पुढच्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. याला कोणी नियम म्हणत नसे, पण होता नियमच.

गेर्गिनानं तो एकदा तपासून पाहिला होता. ती गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. एका रिकाम्या दुपारी तिनं पन्नाशीपुढच्या सभासदांची कार्डं जन्मतारखेप्रमाणे लावली. दोनशे बारा कार्डं निघाली. त्यातली दोनशे तीन त्या पाच महिन्यांतली. उरलेल्या नवांत चार पाद्रीबाबांची मुलं, दोन शाळामास्तरांची, दोन गिरणीवाल्याची. म्हणजे ज्यांचे बाप बारा महिने घरी असत त्यांची. नववं कार्ड तिचं स्वतःचं होतं. सहा मे १९३७. तिचा बाप त्सोन्यो माळी होता.

सहा मे म्हणजे संत गेऑर्गीचा दिवस, म्हणून नाव गेर्गिना. नाव सांगितलं की जन्मतारीख सांगितल्यासारखंच, आणि जन्मतारीख सांगितली की ऐकणारीची बोटं पदराआड हलायला लागत. मे, एप्रिल, मार्च, असं मागे मोजत ती बोटं ऑगस्टपाशी थांबत. ऑगस्टात त्सोन्यो मिरच्या तोडत होता, तीन नद्या पलीकडे. गावात त्या ऑगस्टमध्ये परका पुरुष एकच होता, मळणीयंत्राबरोबर आलेला मेकॅनिक.

त्सोन्योला यातलं काहीच ऐकावं लागलं नाही. तिच्या जन्माआधीच्या मार्चमध्ये तो नेहमीसारखा गेला आणि त्याच सप्टेंबरात तिकडेच विषमज्वरानं वारला. गेर्गिनाची आई वेलिका चोविसाव्या वर्षी विधवा झाली. सासूनं विचारलं तेव्हा तिनं एकच उत्तर दिलं होतं: "तो ऑगस्टमध्ये आला होता. सामना होता."

सासू म्हणाली, "ग्रादिनार उन्हाळ्यात खेळतो होय? मग बर्फात कलिंगडंही धरत असतील."

ग्रादिनार म्हणजे माळी, आणि तेच गावच्या फुटबॉल क्लबचं नाव. खेळाडू सगळे माळीच, त्यामुळे हा संघ फक्त हिवाळ्यात खेळे. हे क्रिनेवोत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सासूचं वाक्य विहिरीवर गेलं, तिथून गिरणीत, आणि तिथून कायमचं गावाच्या तोंडी बसलं.

गेर्गिनानं आईला एकदाच विचारलं होतं, पंधराव्या वर्षी. आईनं तेच उत्तर दिलं, शब्दाला शब्द. मग पुन्हा तो विषय निघाला नाही. आपला आईवर विश्वास आहे असं गेर्गिना स्वतःला सांगे. पण वर्षातून एकदोनदा, आरशापुढे केस बांधताना, ती आपल्या तपकिरी डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राही. बापाचा एकच फोटो होता, काळापांढरा. त्यात डोळ्यांचा रंग कळत नव्हता.

आता १९८८चा उन्हाळा चालू होता. गेर्गिना एक्कावन्न वर्षांची, वेलिका पंचाहत्तरची, आणि क्लब साठ वर्षांचा. क्लबचा अध्यक्ष कंचो, ट्रॅक्टर दुरुस्त करता करता रुंद झालेला गृहस्थ, जुलैत वाचनालयात येऊन टेबलावर कोपरं टेकून बसला.

"गेर्गिना, क्लबचा इतिहास लिहायचाय. पुस्तिका. दिमितरच्या सणाला वाटू."

"मी कशाला? मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. ज्यांना कळतं ते तिघं लिहायला बसले होते. आता ते एकमेकांशी बोलत नाहीत."

कागदपत्रं जवळजवळ नव्हतीच. युद्धानंतरच्या अकरा वर्षांत वरच्या हुकमानं क्लबची चार नावं बदलली, आणि दर नव्या नावाच्या वेळी जुन्या शिक्क्याबरोबर जुने कागदही गेले. उरली ती माणसं. गेर्गिनानं स्वतःपुरता एक दंडक घालून घेतला: दोन वेगळ्या तोंडांनी एकच गोष्ट सांगितली तरच ती लिहायची.

मग ती दारोदार फिरली. बाहेर जुलैचं ऊन, अंगणात टोमॅटो उकळताहेत, आणि म्हातारे सांगताहेत ते सगळं बर्फाचं. पहिला चेंडू १९२८ साली बुखारेस्टहून कोबीच्या टोपलीत लपून आला. बर्फावर चुना दिसत नाही, म्हणून मैदानाच्या रेषा चुलीतल्या राखेनं आखत. एकदा हिम इतकं दाट पडत होतं की दोन्ही संघ वीस मिनिटं एकाच गोलावर हल्ला करत होते आणि दुसरा गोलकीपर आपल्या जागी उभा राहून गाणी म्हणत होता. एकदा चेंडूच हरवला. तो सापडला मार्चअखेर, बर्फ वितळल्यावर, पण तोवर खेळणारे निघून गेले होते. बायकांनी त्याला हात लावला नाही. नोव्हेंबरपर्यंत तो मधल्या वर्तुळात तसाच पडून राहिला, त्याच्याभोवती गवत वाढलं, आणि माळी परत आले तेव्हा त्यांनी तो तिथूनच पुढे खेळायला घेतला. या सगळ्याला दोन-दोन साक्षीदार मिळाले. हिमाच्या गोष्टीला तर पाच.

रात्री ती हे टाइप करी तेव्हा तिला आपलं गाव पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसे. पांढरं, आवाज नसलेलं, माणसांच्या तोंडातून वाफ निघतेय पण शब्द ऐकू येत नाहीत. साठ पानांत एकही उन्हाळा नव्हता. तिनं शोधला होता. प्रत्येकाला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "उन्हाळ्यात कधी काही सामना?" आणि प्रत्येकजण आधी हसला, मग ही कोणाची मुलगी ते आठवून हसायचा थांबला.

ऑगस्टच्या मध्यावर क्लबच्या समितीची बैठक होती. चिटणीस जुने फोटो घरी विसरून आला.

"काय रे," कंचो म्हणाला, "मिंचोसारखा सूर्य डोळ्यात गेला का?"

सगळे हसले. गेर्गिनाही हसली. क्रिनेवोत कोणीही फालतू सबब सांगितली की हेच म्हणत. भाजी करपली, गाडी चुकली, सूर्य डोळ्यात गेला. ती स्वतः हजारदा म्हणाली असेल. पण आता ती इतिहास लिहीत होती, म्हणून तिनं विचारलं, "हे निघालं कुठून?"

"सदतीसच्या फेब्रुवारीतून. जिल्ह्याचा शेवटचा सामना. मिंचो गोलात होता, शेंबड्या पोरानं अडवला असता असा चेंडू सोडला. म्हणाला, सूर्य डोळ्यात गेला."

"मी त्या सामन्याचं कात्रण वाचलंय. त्या दिवशी सकाळपासून शेवटपर्यंत बर्फ पडत होता."

"म्हणून तर हसतो आम्ही," कंचो म्हणाला. "बर्फात सूर्य. तुला विनोदही समजावून सांगावा लागतो, बाई."

गेर्गिनाचं समाधान झालं नाही. खोटं बोलणारा निदान पटेल असं तरी बोलतो. हिमवर्षावात सूर्याची सबब कोण सांगेल? आणि मिंचो तर खोटं बोलायलाही आळशी असा माणूस. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडे गेली.

सत्त्याहत्तर वर्षांचा मिंचो अंगणात पत्र्यावर मिरच्या भाजत होता. पहिल्या संघातला जिवंत उरलेला तो एकटाच. त्याच्या हातांची बोटं अजूनही रुंद आणि वाकडी होती, प्रत्येक वेगळ्या वेळी मोडलेलं.

"आलीस का? साठ पानं झाली म्हणे," तो म्हणाला. "माझं काय लिहिलंयस? भोकाचा गोलकीपर?"

"अजून काहीच नाही. मिंचो काका, एकच विचारायचंय. सूर्य नक्की कुठे होता?"

त्याचा मिरची उलटणारा हात थांबला.

"एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "गोल कसा सोडलास ते विचारतात. आणि उत्तर ऐकायच्या आधी हसतात."

"मी हसत नाहीये."

"नदीकडच्या गोलात होतो मी. सूर्य समोर, चर्चच्या घुमटावर. वरचा क्रूस आहे ना, त्याच्या उजव्या हाताला अगदी टेकलेला. चेंडू त्या उजेडातूनच आला. मला दिसला तेव्हा तो माझ्या मागे होता." बोलता बोलता त्यानं डोळे बारीक केले होते, जणू आताही समोरून ऊन येत होतं. मग त्यानं एकदम तिच्याकडे पाहिलं. "राहू दे. बर्फ पडत होता, तेच लिही. म्हातारा झालोय मी, काहीही बरळतो."

"काका..."

"या मिरच्या घेऊन जा आईला. आणि गरम आहेत, हात भाजून घेऊ नकोस."

मिरच्या घेऊन ती निघाली, पण घरी गेली नाही. मैदानावर गेली. नदीकडच्या गोलात, दोन खांबांच्या मधोमध उभी राहिली आणि गावाकडे तोंड केलं. उजवीकडे चर्चचा घुमट, डावीकडे गिरणीचं धुराडं.

वाचनालयातून घरी जायची तिची वाट याच मैदानाच्या कडेनं होती, तीस वर्षं. हिवाळ्यात सूर्य कुठे बुडतो ते तिला पाहावं लागलं नाही, पायांना माहीत होतं. गिरणीच्या धुराड्यामागे, आणि तेही साडेतीन-चारलाच. मग मैदानावर निळी सावली पसरे आणि थंडी टाचेतून वर चढे. तिनं हात लांब करून मूठ वळली आणि धुराड्यापासून घुमटापर्यंत मोजलं. तीन मुठी भरल्या. नोव्हेंबर ते मार्चपर्यंतचा सूर्य या तीन मुठी कधीच ओलांडत नाही. ग्रादिनारच्या एकाही हिवाळ्यात, एकाही सामन्यात, तो त्या क्रूसाच्या जवळपास फिरकला नसणार.

ती तिथेच गवतात बसली. नदीवरून चिलटं येत होती. पॉपलरची पानं वारा नसतानाही हलत होती, जशी ती नेहमी हलतात. हळूहळू ऊन पिवळं झालं, मग मधासारखं झालं, आणि सूर्य खाली उतरत चर्चकडे आला. घुमटाच्या उंचीला आला तेव्हा तो क्रूसाच्या उजवीकडे होता, पण टेकलेला नव्हता. मध्ये दोन बिंबं मावतील एवढी जागा होती. ही सतरा तारीख.

अठराला ती परत आली. सूर्य एका बिंबाइतका डावीकडे सरकला होता.

एकोणीसला ती जरा आधीच येऊन गोलात उभी राहिली. एका शेळीशिवाय मैदानात कोणी नव्हतं. सूर्य घुमटापाशी आला, क्रूसाच्या उजव्या हाताला टेकला, आणि सगळं मैदान पेटल्यासारखं झालं. समोरचा गोल दिसेना, मधलं वर्तुळ दिसेना, शेळीही त्या उजेडात विरघळली. गेर्गिनाला वाटलं, आता त्यातून कोणीही पळत येऊ शकेल. तिनं नकळत दोन्ही हात पुढे केले. मग सूर्य घुमटामागे खाली गेला आणि शेळी परत आली.

सूर्य त्या जागी वर्षातून दोनदाच येतो, हे तिनं तिथल्या तिथे ताडलं. एकदा एप्रिलअखेर उत्तरेकडे जाताना, एकदा ऑगस्टात परतताना. दोन्ही वेळा माळी गावात नसत. आणि ऑगस्टातली ही तारीख तिला दुसऱ्याही एका कारणानं ठाऊक होती. वरच्या मठाची जत्रा हल्ली सहा तारखेला भरते, पण चर्चनं पंचांग बदलण्याआधी ती एकोणीसला भरे. त्या काळात गाव आदल्या दिवशीच बैलगाड्या जुंपून डोंगरावर जाई आणि वीस तारखेच्या दुपारी उतरे. म्हणजे एकोणीस ऑगस्टला क्रिनेवोत चिटपाखरू नसे.

घरी जाताना ती बोटांवर मोजत होती, त्या बायका मोजत तशीच, फक्त उलट दिशेनं. एकोणीस ऑगस्ट ते सहा मे. दोनशे साठ दिवस.

दुसऱ्या दिवशी मिंचो मांजराला माशाचं डोकं घालत होता. ती बाकावर बसली.

"ऑगस्ट होता, काका. मी तीन दिवस तुमच्या गोलात उभी होते."

त्यानं माशाचं डोकं मांजरापुढे टाकलं.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"आठ जण होतो," तो म्हणाला. "जंक्शनच्या रेल्वेवाल्यांनी डिवचलं होतं. म्हणाले, अस्वल हिवाळ्यात झोपतं, तुम्ही उन्हाळ्यात. बर्फावर घसरायला काय लागतं, कोरड्या जमिनीवर खेळून दाखवा. आम्ही मुकादमाला सांगितलं, डॅन्यूबकाठच्या रुसेला पोती आणायला जातो, आणि तिथून गाडीत बसलो. मिरचीच्या ऐन तोडणीत. तू माळ्याची पोर, तुला सांगायला नको. तोडणीत टोळी सोडणाऱ्याचा वाटा जातोच, पण नावही जातं. त्याला पुन्हा कोणी टोळीत घेत नाही. म्हणून भाकरी-मिठावर हात ठेवून शपथ घेतली. आणि जत्रेचा दिवस मुद्दाम निवडला. बघायला कोणी नको."

"अकरा कुठून झाले?"

"तिघं रेल्वेवाल्यांनीच उसने दिले. चांगली माणसं. खेळायला येत नव्हतं एकालाही."

गेर्गिनानं मांडीवरची वही घट्ट धरली. पुढचा प्रश्न तिनं इतकी वर्षं इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेनं मनात जुळवला होता, आणि तोंडातून आला तो साधाच.

"माझे वडील होते?"

"त्सोन्यो?" मिंचोनं नाकातून हवा सोडली. "होता म्हणजे? सगळं त्याच्याच पायी झालं. डाव्या बाजूला खेळायचा. पहिला अर्धा असा खेळला, असा खेळला, की रेल्वेवाल्यांचा एकजण उभा राहून नुसता बघत होता. मग मध्यंतर झालं. आम्ही एक कलिंगड फोडलं. त्सोन्योनं एक फोड घेतली, आणि खात खात मैदानाकडेच्या मक्यात शिरला. आम्हाला वाटलं, लघवीला गेला असेल."

"मग?"

"मग काय. अजून आला नाही." तो पहिल्यांदाच हसला, दात नसलेलं. "दुसरा अर्धा दहाजणांनी काढला. गोल कुठून आला? डावीकडून. डावीकडे कोण होतं? कोणी नव्हतं. मका होता. सूर्य डोळ्यात गेला हे खरंच आहे, पण डाव्या बाजूला त्सोन्यो असता तर चेंडू माझ्यापर्यंत आलाच नसता. ते सांगता येत नव्हतं. नुसतं सूर्याचं सांगितलं, तेही आठांतच. हिवाळ्यात गुत्त्यात आमच्यातलाच एकजण चेष्टेनं बोलला, बाकीच्यांनी उचललं, आणि फेब्रुवारीतल्या त्या सामन्याला चिकटवलं. मी काय म्हणणार? तो दुसरा सामना होता म्हणून?"

"आणि वडील?"

"पहाटे स्टेशनवर आला. आम्ही त्याला मारायलाच उठलो होतो. तर हा हसतोय. म्हणाला, गाय व्याली, कालवड झाली. जसा काही तोच व्याला."

मांजर माशाचं डोकं घेऊन भिंतीवर चढलं. गेर्गिना वहीत काही लिहीत नव्हती.

"काका, लोक माझ्या आईला काय म्हणत ते तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"पहिल्या वर्षी वाटलं, नोव्हेंबरात त्सोन्यो येईल आणि स्वतःच सांगेल. तो आलाच नाही. मग मुकादम जिवंत होता. मग युद्ध लागलं. मग टोळ्याच मोडल्या, सगळं सरकारी झालं, आणि एवढी जुनी गोष्ट कुठून काढायची ते कळेना. उशीर झालेली गोष्ट रोज जड होत जाते, पोरी. मला वाटायचं, लोक मला हसतात, म्हणजे निम्मं ओझं मीही वाहतोय."

"तिला विचारलं होतंत, निम्मं नेऊ का म्हणून?"

मिंचोनं मान खाली घातली. आपले वाकडे हात तो गुडघ्यांवर उलटेपालटे करून बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "छाप तू. सगळ्यांची नावं देतो, लिहून घे. माझा वाटा कापायला आता राहिलंय कोण?"

त्यानं आठही नावं सांगितली, कोण कुठे खेळला त्यासकट, आणि रेल्वेवाल्यांच्या तिघांपैकी दोघांची. तिनं लिहून घेतली. बापाचं नाव लिहिताना तिचं अक्षर थोडं मोठं आलं. तिनं ते खोडून बाकीच्यांएवढंच पुन्हा लिहिलं.

घरी वेलिका ओसरीवर बसून लाल मिरच्या दोऱ्यात ओवत होती. गेर्गिना तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"आई, त्या वर्षी आपली गाय कधी व्याली?"

"कोणत्या वर्षी?"

"तुला माहीत आहे."

सुई मिरचीच्या देठात अर्धी जाऊन थांबली. "म्हणून तर मी जत्रेला गेले नव्हते," वेलिका म्हणाली. "मध्यरात्र उलटल्यावर व्याली. अडली होती. त्यानंच ओढून काढली, ते खिळ्यांचे बूट घालूनच. कालवड होती." मग तिनं सुई पलीकडे ओढली. "मिंचोनं सांगितलं?"

"आधी सूर्यानं." आणि गेर्गिनानं सगळं सांगितलं. गोलात कशी उभी राहिली, मुठी कशा मोजल्या, सूर्य रोज एका बिंबाइतका कसा सरकला, एकोणीसला क्रूसाला कसा टेकला. सांगताना तिचा आवाज चढत गेला, कारण ते खरंच सुंदर होतं, आणि तिनं एकटीनं शोधलं होतं. वेलिका शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हणजे सूर्याला विचारलंस," ती म्हणाली. "मिंचोला दोनदा विचारलंस. मला एकदा विचारलं होतंस."

"तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं. आणि तुला पटलं नव्हतं."

गेर्गिनाच्या ओठांवर आलं होतं, पटलं होतं म्हणून. छत्तीस वर्षं ती स्वतःला तेच सांगत आली होती. पण दोन तोंडांचा दंडक घालून तिनं एका साक्षीदारावर भागवायला नकार दिला होता, आणि तो एकटा साक्षीदार कोण होता हे आता तिला समोर दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "नव्हतं पटलं."

वेलिकानं एक मिरची ओवली, मग आणखी दोन. खाली रस्त्यानं कोणाची तरी गाढवाची गाडी गेली.

"तुझ्या आजीनं विचारलं तेव्हा मला राग आला होता," वेलिका म्हणाली. "तू विचारलंस तेव्हा नाही आला. तुला माहिती हवी होती. मला वाटलं, हिला एक वाक्य पुरेल. नाही पुरलं. चूक माझीही आहे." तिनं दोऱ्याला गाठ मारली. "छापणार आहेस?"

"हो. सामना, नावं, निकाल. बाकी काही नाही. ज्यांना मोजायचं ते मोजतील."

"मोजू दे. जिंकले तेवढं ठळक लिही."

गेर्गिनानं तिच्याकडे पाहिलं. "आई, हरले ते. एक-शून्य. दहाजणच होते, बाबा मध्यंतराला निघून आले म्हणून."

वेलिकाचे हात मांडीवर पडले. चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग गाल थरथरले, खांदे हलायला लागले, आणि गेर्गिना घाबरून तिचा दंड धरायला पुढे झाली तेव्हा तिला कळलं की आई हसतेय. मिरच्या पायऱ्यांवरून घरंगळत गेल्या.

"मला म्हणाला सामना संपला," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणाला, तीन-शून्यनं जिंकलो, दोन गोल माझे. बावन्न वर्षं, गं. सगळं गाव मला काय काय म्हणायचं आणि मी मनात म्हणायचे, म्हणा, पण माझा नवरा जिंकून आला होता."

"त्यानं आणखी काय सांगितलं?"

वेलिकानं मान वळवली. ती कुंपणापलीकडे बघत होती. तिथे, मैदानापर्यंतच्या पट्ट्यात, आता सहकारी शेताची सूर्यफुलं होती, ओळीनं, माना खाली घातलेली. तिनं हातातला दोरा बाजूला ठेवला, पदरानं बोटांची मिरची पुसली, आणि जिथून सांगायचं ती जागा सापडल्यासारखी सरळ बसली.

"मी गायीला पाणी दाखवत होते," ती म्हणाली. "गाव एवढं रिकामं की नदी ऐकू येत होती. सहज वर पाहिलं, तर वारा नव्हता, आणि मका हलत होता."